जांभळ्या लुगड्याची गुढी

पाडव्याच्या सकाळी जयसिंग हवालदार आणि त्याची बायको यमुना यांची जुंपली ती सुतळीवरून. घरात सुतळीचा गुंडा एक आणि गरजा दोन. जयसिंगला कापलेल्या गव्हाचे सैल पडलेले बोजे आवळायचे होते आणि यमुनाला गुढी बांधायची होती.

"आवो, हातभर तर पायजे मला," यमुना म्हणाली. "तेवढ्यानं तुमच्या तीन बिघ्याला काय धाड भरनार हाय?"

"आभाळ बघ जरा. पूर्वेचं वारं सुटलंय. दुपारी शिवबरनचं मळणीचं मशीन येनार, आन बोजं सुटं पडलं तर मशीनवाला काय माझी वाट बघत बसंल?"

"आन पाडवा बसंल व्हय?"

बायकोपुढं फौजेतली सव्वीस वर्षं काय कामाची? जयसिंगनं हातभर सुतळी दातानं तोडून तिच्या पुढ्यात टाकली आणि उरलेला गुंडा घेऊन शेताकडं निघाला. जाताना त्यानं वळून घराच्या गच्चीकडं बघितलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण गुढी अजून बांधायचीच होती, मग वळून तरी काय दिसणार होतं म्हणा.

माणूस साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. तिकडं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. नोकरीची शेवटची चार वर्षं त्यानं लखनऊ छावणीत काढली आणि रविवारी सायकलवरून दक्षिणेला हिंडताना इथली जमीन बघितली. दहा हातांवर पाणी! माणच्या माणसाला पाणी दिसलं की त्याची मती फिरते. फंडाचे पैसे मिळाले तसे त्यानं सरोजिनी नगरच्या पलीकडं, कानपूर रोड सोडून आत, हरदासखेडा नावाच्या गावात तीन बिघे घेतले आणि घर बांधलं. त्याला आता वीस वर्षं झाली. यमुना मोहरीच्या तेलात भाजी करायला शिकली, मुलगी देविका वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत शाळामास्तरीण झाली आणि मराठी विसरत चालली. पण गावाच्या लेखी हे लोक अजून 'महाराष्ट्रवाले'च होते.

परक्या गावात माणसाला टेकू लागतो. जयसिंगचा टेकू म्हणजे शिवबरन सिंह. गावातलं एकुलतं मळणीचं मशीन त्याचं, कूपनलिका त्याची, आणि जयसिंगच्या शेताला जायची वाटही त्याच्याच बांधावरून. तोच गावातला पक्षाचा म्होरक्या. पण जयसिंग त्याच्या पक्षात शिरला तो पोटासाठी नव्हे, हे इथं सांगितलंच पाहिजे. बापाचा पक्ष त्यानं गावाकडंच सोडला होता, फौजेत पक्ष नव्हताच, आणि इथं आल्यावर त्याचं असं मत झालं की वर एक शिस्तीचा माणूस बसला की खालचं सगळं आपोआप सरळ होतं. हे त्याला मनापासून पटलं होतं. गच्चीवर लोखंडी नळी ठोकून त्यात बांबू उभा करून त्यानं पक्षाचा झेंडा लावला, तो सोळा वर्षं हलला नाही. सभेत मोडक्या हिंदीत भाषण करायचा, आणि लोक 'फौजी साहब'ला टाळ्या द्यायचे.

मग हळूहळू काहीतरी बिघडलं. बिघडलं म्हणण्यापेक्षा दुधात विरजण पडलं म्हणा. ते कधी पडलं हे जयसिंगला ठाऊक होतं, पण त्यानं ते यमुनालाही सांगितलं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी वाऱ्यानं झेंडा फाटला. त्यानं तो उतरवला आणि नवा लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मंगाया है, आ जाएगा." कुणी दुसऱ्यांदा विचारायच्या आत निवडणूक उरकून जावी अशी त्याची धडपड. मतदान महिन्यावर आलं होतं. आत मन बदललेलं आणि बाहेर जीभ जुनीच, असा संसार चार वर्षं चालला होता.

तर त्या दिवशी शेतात बोजे आवळताना जयसिंगच्या लक्षात आलं की रस्त्यानं जाणारे लोक राम राम करत नाहीत. दूधवाला सायकलवरून गेला, त्यानं मान वळवून गावाकडं बघितलं, मग जयसिंगकडं बघितलं आणि पायडल जोरात मारलं. दोघी बायका बांधावर थांबून पदराआड कुजबुजल्या. एवढ्यात खिशातला फोन वाजला. देविका होती.

"आबा, ये आपने क्या लगा दिया छत पे?"

"काय लावलंय?"

"गाव के ग्रुप में फोटो आया है. लिखा है, फौजी ने पार्टी बदल ली. सत्तर लोगांनी बघितलंय. आबा, तुम्ही खरंच... पागल हो गए हो क्या? उतार दो ना, प्लीज!"

जयसिंगनं गावाकडं मान वळवली. शेतातून त्याच्या घराची गच्ची स्वच्छ दिसत होती. त्याच नळीत, त्याच बांबूवर, जांभळं कापड फडफडत होतं, आणि त्याच्या काठाला पिवळीजर्द पट्टी होती. समोरच्या पक्षाचा झेंडा जांभळा आणि त्याला पिवळी पट्टी. शेंबडं पोरही ओळखील असा.

त्याच्या हातातून सुतळीचा गुंडा सुटला. गोळ्या चालू असताना उभा राहिलेला माणूस, पण त्या बांधावर त्याची पाचावर धारण बसली. गोळीला वैरी कुठं बसलाय ते तरी माहीत असतं. इथं वैरी कोण आणि शेजारी कोण, तेच कळत नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते झूठ नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याला वाटलं की आपल्या पोटातलं कुणीतरी बाहेर काढून गच्चीवर वाळत घातलंय.

तो धापा टाकत घरी आला.

"यमुने! कसलं लुगडं लावलंस तू?"

"कसलं म्हंजी? दिवाळीला देविकानं घेतल्यालं. कोरं तेवढंच हुतं. गुढीला काय जुनेर नेसवू?"

"आन वर कशाला बांधली? दर साली दाराला बांधतीस की!"

"दर साली वरच्या नळीत तुमचं फडकं असायचं. औंदा नळी मोकळी दिसली, बांबू बी हुताच, म्हनलं देवाच्या कामाला तरी येऊ दे."

बिचारीची चूक म्हणावी तर काही नव्हती. लखनऊत साखरेच्या गाठी मिळत नाहीत म्हणून तिनं सकाळपासून सुईदोऱ्यात बत्तासे ओवून माळ केली होती. कडुलिंबाचा मोहोर आलेला डहाळा, वर पालथा तांब्या, त्यावर कुंकवाची बोटं. सगळं यथासांग होतं. जयसिंगनं तिला रंगाचं सांगितलं तेव्हा ती मटकन खाली बसली.

"काडा की मग आत्ताच्या आत्ता," तिच्या तोंडून निघालं, आणि लगेच तिनं जीभ चावली. "पर दिस मावळायच्या आदी गुढी उतरवत न्हाईत वो. आमच्या आत्याबाईनं एकदा पावसाच्या भ्यानं दुपारी उतरवली, ते वरीस कसं गेलं तुमास्नी म्हाईत हाय."

माहीत होतं. आईनं गुढी तशी उतरवली त्याच वर्षी जयसिंगचा थोरला भाऊ गेला होता.

एवढ्यात दारात मोटरसायकली थांबल्या. शिवबरन सिंह आत आला. पांढराशुभ्र कुर्ता, तोंडात पान. मागं चार गडी, आणि त्या चौघांच्या मागं छेदीलाल. छेदीलाल दिसला तशी जयसिंगनं नजर वळवली.

छेदीलाल म्हणजे सत्तरीचा म्हातारा, शेताच्या शेजारचा. चार वर्षांपूर्वी त्याच्या झोपडीवर हाच जांभळा झेंडा होता, आणि तो उतरवायला दहा माणसं घेऊन जो गेला होता तो जयसिंगच. मारलं कुणी नव्हतं, शिवीही दिली नव्हती. जयसिंगनं फक्त फौजी आवाजात सांगितलं होतं, "उतारो." म्हातारा शिडीवर चढला. त्याचे हात असे कापत होते की गाठ सुटेना. शेवटी त्यानं दातानं गाठ सोडली, आणि खाली उतरल्यावर सगळ्यांना हात जोडले. त्या जोडलेल्या हातांपायी जयसिंगला त्या रात्रीपासून काही सुचेना. आपण ज्याला शिस्त म्हणत होतो ती नुसती भीती होती, हे त्याला त्या हातांनी सांगितलं. विरजण पडलं ते तेव्हा.

"फौजी साहब," शिवबरन खाटेवर बसत म्हणाला, "ई का लगाए हो?"

"त्योहार है हमारा. पाडवा. नया साल," जयसिंग म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "साडी है घरवाली की. झंडा नहीं है."

ते खरंच होतं, आणि तरी खोटं बोलल्यासारखं त्याच्या कपाळावर पाणी आलं.

शिवबरननं वर बघितलं. पालथा तांब्या, बत्तासे, लिंबाचा डहाळा बघून तो हसला. "अरे, तो पहले बताते! हम तो डर ही गए थे कि हमारे फौजी को का हो गया." बाकीचे चौघेही हसले. जयसिंगच्या जिवात जीव आला. तेवढ्यात शिवबरननं गड्याकडं हात केला आणि गड्यानं पिशवीतून पक्षाचं कोरं कापड काढलं. "त्योहार है तो मनाओ. बस कपडा ई बांध देव. देवता को का फरक पडत है? गांव देख लेगा, बात खतम. दुई बजे मशीन तुम्हारे खेत में."

किती सोपं होतं! जयसिंगचा हात पुढं झालाही. कापड बोटांना लागलं. वर आभाळ भरून येत होतं, तीन बिघे गहू जमिनीवर उघडा पडला होता, आणि हे कापड बांधायला दोन मिनिटं पुरे होती. सोळा वर्षं बांधलंच होतं की.

तो घुटमळला तसा छेदीलाल पुढं आला. त्यानं जयसिंगच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं.

"उतार देव, फौजी. कुछ नाहीं होत. हमहूं उतारे रहे. दुई-चार दिन बुरा लागत है, फिर नींद अच्छी आवत है. अब तो हमका यही पार्टी सही लागत है. तुमही तो सिखाए रहौ."

त्यात टोमणा नव्हता, तेच तर वाईट. म्हातारा खरंच पालटला होता. शिवबरनच्या मशीनवर बोजे टाकायचं काम करत होता, सभेत पुढं बसत होता, आणि जयसिंगचे उपकार मानत होता. ज्याच्यामुळं जयसिंगनं मनातून पक्ष सोडला, तोच जयसिंगच्या भीतीनं पक्षात जाऊन सुखी झाला होता. असला उफराटा सौदा देवालाही सुचला नसता.

जयसिंगनं हात मागं घेतला.

"सूरज डूबेगा, तब उतरेगी," तो म्हणाला. "पहले नहीं. हमारे में ऐसा ही है."

"कपडा बदलने को बोल रहे हैं, उतारने को थोडे."

"एक ही बात है."

शिवबरनचं हसू गेलं. तो उठला, अंगणात पान थुंकला. "ठीक है. सूरज डूबने दो. मशीन तब तक दूसरे खेत में चलेगी." आणि दारातून वळून अगदी हळू म्हणाला, "बीस साल हो गए ना आपको यहां? बीस साल में आदमी को रास्ता मालूम हो जाना चाहिए. रास्ता हमारी मेड से है."

ते गेल्यावर जयसिंग भिंतीला धरून उभा राहिला. यमुनानं त्याला पाणी दिलं, तर भांडं दातांवर वाजलं. आपण मोठं शौर्य केलं असं त्याला वाटलं नाही. माती खाल्ली असंच वाटलं. पाण्यात राहून माशाशी वैर, तेही एका लुगड्यापायी!

दुपारी आणखी एक गंमत झाली. शेजारची मुन्नीदेवी चाळणी परत द्यायला आली. चाळणी तिनं होळीला नेली होती. देताना यमुनाच्या कानाशी लागून म्हणाली, "भौजी, अच्छा किए फौजी भैया. हमरे घर मा भी सबका मन उधरै है. बताना नाहीं किसी को." तिच्या मागून दूधवाला आला, दूध सकाळीच घातलं होतं तरी. मन जांभळ्याकडंच आहे, असं तोही हळूच बोलला. आणि दोघांच्याही घरांवर शिवबरनचे झेंडे डौलानं उडत होते. जयसिंगनं ऐकलं आणि त्याला धीर यायच्या ऐवजी आणखीच भ्या वाटलं. एवढी माणसं भितात म्हणजे भिण्यासारखं काहीतरी असणारच की.

दिवस मावळला. ढगाआड मावळला, पण यमुनानं घड्याळ बघून खात्री केली. तिनं गुढीला हळदकुंकू वाहिलं, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि जयसिंगनं बांबू उतरवला. हातभर सुतळीची गाठ त्याच्या बोटांनी सुटेना. त्यानं ती दातानं सोडली. सोडताना त्याला छेदीलालची शिडी आठवली आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बत्ताशाची माळ यमुनाच्या हातात देतोय तोवर पश्चिमेकडून धूळ उठली.

"आवो, गहू!"

दोघं धावले. अंगावर मातीचा मारा, आंब्याच्या कैऱ्या रस्त्यावर पटापटा पडत होत्या. बोजे एका जागी ओढून रचेपर्यंत पहिले थेंब आले, टपोरे, गारेसारखे गार. घरात ताडपत्री एकच, तीही फाटकी. "झाकायचं कशानं?" यमुना ओरडली, आणि दोघांना एकदमच आठवलं. माळ्यावर अकरा फ्लेक्स पडून होते. होळीच्या शुभेच्छा, दिवाळीच्या शुभेच्छा, सभेचं आमंत्रण. सोळा वर्षांची भक्ती गुंडाळी करून ठेवलेली. एकेक आठ-दहा फुटांचा, आणि प्रत्येकावर हात जोडलेला शिवबरन सिंह. खाली कार्यकर्त्यांच्या रांगेत तिकिटाएवढा जयसिंग, डोक्यावर फौजी टोपी.

त्यांनी ते घरून ओढत आणून बोज्यांवर अंथरले.

"तोंड वर करू का खाली?" यमुनानं विचारलं.

"गुळगुळीत बाजू वर कर. पाणी वघळून जाईल."

कडांवर विटा आणि ढेकळं ठेवून ते दोघं भिजून चिंब घरी आले. पाऊस तासभर पडून गेला. जयसिंग रात्रभर कुशीवर वळत होता. मोटरसायकल वाजली की उठून बसायचा.

सकाळी ऊन कडक पडलं. जयसिंग शेतावर गेला तर बोजे आतून कोरडे ठणठणीत. आणि वर, ओल्या शेताच्या मधोमध, अकरा शिवबरन सिंह आभाळाला हात जोडून झोपले होते. एवढ्या भ्यातही त्याला हसू आलं.

फ्लेक्स काढायला तो वाकला तोच मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. मशीन! ड्रायव्हर दात काढत खाली उतरला. "नेताजी उधर सडक से देखे. बहुत खुश हुए. बोले, फौजी समझदार है, पूरे खेत में हमको बिछा दिया. जाओ, पहले उसी का गेहूं निकालो."

जयसिंग बघतच राहिला. काल खरं होतं तर ते चुकून दिसलं, आज खोटं होतं तर तेही चुकूनच दिसलं, आणि या चुकीला मात्र मशीन फळलं. 'पावसासाठी टाकले होते' एवढं म्हणायचं होतं. तीन बिघे गहू समोर होता. तो वाकून फ्लेक्स गुंडाळायला लागला. ड्रायव्हरनं पट्टा चढवला, छेदीलाल फडकं तोंडाला बांधून बोजे टाकायला उभा राहिला, आणि बारा माणसं कामाला लागली.

मशीन सुरू झालं. कानठळ्या बसवणारा आवाज, भुसा उडतोय, माणूस माणसाला दिसत नाही. जयसिंग छेदीलालला बोजे देत होता. या आवाजात कुणाला ऐकू जाणार, या भरवशावर तो बोलायला लागला. आधी पुटपुटला, मग मोठ्यानं. छेदीलालच्या तोंडाकडं बघून ओरडला, की त्या दिवशी मी चुकलो, बाबा, मला माफ कर. म्हातारा मान डोलावत हसला. त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं. तशी जयसिंगला हिंमत चढली. बोजा उचलायचा आणि ओरडायचं, बोजा उचलायचा आणि ओरडायचं. झेंडा वाऱ्यानं फाटला, पण नवा मी मुद्दाम लावला नाही. फ्लेक्स पावसासाठी टाकले. चार वर्षांचं साचलेलं सगळं भुशाबरोबर बाहेर पडत होतं.

आणि पट्टा निसटला.

मशीन एका झटक्यात मुकं झालं. जयसिंगचं तोंड मात्र उघडंच होतं.

"...चार साल से मैं इस पार्टी का नहीं हूं!"

बारा माणसं जिथल्या तिथं थांबली. ड्रायव्हरचा हात पट्ट्यावर तसाच राहिला. भुसा सावकाश खाली बसत होता. निम्मे बोजे अजून बाकी होते, आणि शिवबरनचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. शब्द काही परत घेता येत नव्हते, तेव्हा जयसिंगनं हातातला बोजा खाली ठेवला.

छेदीलालनं तोंडावरचं फडकं खाली केलं. त्यानं जयसिंगकडं बघितलं. म्हाताऱ्याचा चेहरा कसा झाला होता ते सांगता येणार नाही. रागावला होता असं वाटावं, आणि रडेल असंही. मग तो वाकला, एक बोजा उचलला आणि जयसिंगच्या हातात दिला.

"पकडो, फौजी," तो पुन्हा भरून येणाऱ्या आभाळाकडं बघत म्हणाला. "बदरी फिर चढत है."

ड्रायव्हरनं कुणाकडंही न बघता पट्टा चढवला. मशीन पुन्हा गरजलं.

यमुना बांधावर चहाची किटली घेऊन उभी होती. तिनं येऊन जयसिंगच्या कानाशी तोंड नेलं.

"काय म्हनालासा एवढ्या मोठ्यानं?"

"ऐकू आलं न्हाई व्हय तुला?"

"आलं की. समद्यांस्नीच आलं." तिनं पदरानं त्याच्या तोंडावरचा भुसा पुसला. "च्या घ्या आन बोजं उचला. ह्यो गहू घरात पडूस्तवर आता दुसरं काय बी बोलू नगा."